शाळेच्या जुन्या वेधशाळेतून आकाश पाहायचे आहे?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड आणि अमेरिकेतील काही शाळांनी व महाविद्यालयांनी आपल्या आवारात खरीखुरी वेधशाळा उभारली. फिरता घुमट, विटांचा किंवा दगडी खांब, त्यावर पितळी चक्रे बसवलेली लांबलचक दुर्बीण आणि तिला ताऱ्यांच्या मागोमाग फिरवणारे घड्याळी यंत्र असा तो सगळा सरंजाम असे. त्यांपैकी काही दुर्बिणी आजही वापरात आहेत आणि ठरावीक रात्री बाहेरच्या लोकांनाही त्यांतून आकाश पाहता येते. अशा ठिकाणी जायचे ठरवले की एक शंका हमखास येते: अवकाशातील दुर्बिणींनी टिपलेली रंगीत छायाचित्रे फोनवर पाहायला मिळत असताना दीडशे वर्षांपूर्वीच्या भिंगातून आणखी काय दिसणार? याचे उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटेल. चंद्र, ग्रह आणि जोडतारे डोळ्याने पाहायचे असतील, तर चांगली राखलेली सहा ते दहा इंची जुनी दुर्बीण, आपल्या डोक्यावरची हवा जेवढा तपशील दाखवू देते, त्यातला बहुतेक सगळा दाखवते. हे कसे घडते ते समजून घेऊन गेले, तर दुर्बिणीपाशी मिळणारी दोन-तीन मिनिटे सार्थकी लागतात.

शाळेला वेधशाळा हवीच कशाला होती, हा प्रश्न रास्त आहे. त्या काळी खगोलशास्त्र हा गणिताचाच एक भाग मानला जाई. गोलीय भूमिती शिकलेल्या मुलाने ती आकाशावर लावून दाखवावी अशी अपेक्षा असे, आणि समुद्रावर जहाजाचे स्थान ठरवण्याची विद्याही त्याच भूमितीवर उभी होती. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातल्या स्टोनीहर्स्ट या जेझुइट (एका ख्रिस्ती धर्मसंघाच्या) शाळेची वेधशाळा १८३८ मध्ये उभी राहिली. रोममधील राजकीय उलथापालथीमुळे देश सोडावा लागलेले खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेकी १८४८ मध्ये काही काळ तेथे राहिले होते. पुढे रोमला परतल्यावर त्यांनी हजारो ताऱ्यांच्या वर्णपटांचे वर्गीकरण केले. याच शाळेतील स्टीफन पेरी डिसेंबर १८८९ मध्ये खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यासाठी फ्रेंच गयानाजवळच्या बेटांवर गेले, आजारी असतानाही त्यांनी ग्रहणाचे काम पुरे केले आणि त्यानंतर काही दिवसांतच जहाजावर त्यांचा मृत्यू झाला. शाळेची वेधशाळा म्हणजे विद्यार्थ्यांना दाखवण्यापुरते खेळणे नव्हते, हे एवढ्यावरून कळावे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सेंट्रल हायस्कूलने स्टोनीहर्स्टची वेधशाळा उभी राहिली त्याच सुमारास म्युनिकच्या कारागिरांनी घडवलेली सहा इंची दुर्बीण बसवली होती. तेथीलच व्हासार या त्या काळी मुलींच्या असलेल्या महाविद्यालयात तर १८६५ मध्ये सर्वांत आधी पूर्ण झालेली इमारत वेधशाळेचीच होती, आणि १८४७ मध्ये धूमकेतू शोधून काढलेल्या मारिया मिचेल त्या इमारतीत राहत आणि शिकवतही.

या वेधशाळांचा आणखी एक उपयोग आज आपण विसरलो आहोत, तो म्हणजे वेळ. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराला १८८३ मध्ये अँथनी शॅबो यांनी आठ इंची दुर्बीण आणि वेधशाळा देणगी म्हणून दिली आणि तिचा कारभार शहराच्या शाळाखात्याकडे आला. तेथे मोठ्या दुर्बिणीखेरीज एक लहान याम्योत्तर दुर्बीणही होती. ही दुर्बीण फक्त उत्तर-दक्षिण रेषेतच वरखाली फिरते. आकाशाच्या मध्यातून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी कल्पित रेषा, म्हणजे याम्योत्तर वृत्त, एखादा ज्ञात तारा नेमक्या कोणत्या क्षणी ओलांडतो हे टिपले, की घड्याळ किती पुढे किंवा मागे आहे ते कळते. अनेक वर्षे त्या परिसराची प्रमाणवेळ याच वेधशाळेतून ठरत असे. जुन्या वेधशाळेत गेल्यावर मुख्य घुमटाशेजारी एखादी बुटकी खोली आणि तिच्या छपरात उत्तर-दक्षिण अरुंद फट दिसली, तर ती कशासाठी आहे हे अवश्य विचारावे. तेथले लोक बहुधा आनंदाने सांगतात.

आता दुर्बिणीकडे वळू. या काळातील शाळांच्या बहुतेक दुर्बिणी भिंगाच्या आहेत, आरशाच्या नाहीत. भिंगाच्या दुर्बिणीची मूळ अडचण अशी की काच सर्व रंगांना सारखे वळवत नाही. निळा प्रकाश जास्त वळतो, तांबडा कमी. त्यामुळे एकाच भिंगातून पाहिले तर प्रत्येक रंगाची प्रतिमा वेगळ्या अंतरावर तयार होते आणि तेजस्वी ताऱ्याभोवती रंगीत झालर पसरते. भिंगाची वक्रता खूप कमी ठेवून नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमा तयार होते तेथपर्यंतचे अंतर) वाढवले की हा दोष कमी होतो, म्हणून सतराव्या शतकातील निरीक्षकांनी दुर्बिणी लांब लांब करत नेल्या. योहानेस हेवेलियस यांची एक दुर्बीण तर सुमारे ४५ मीटर लांब होती आणि डोलकाठीला टांगून वापरावी लागे. यावरचा खरा उपाय अठराव्या शतकात निघाला. क्राउन आणि फ्लिंट अशा दोन वेगवेगळ्या काचांची दोन भिंगे एकापाठोपाठ बसवली, तर एकीने पसरवलेले रंग दुसरी बऱ्याच अंशी पुन्हा एकत्र आणते. चेस्टर मूर हॉल यांना १७३० च्या सुमारास ही गोष्ट साधली आणि जॉन डॉलंड यांनी १७५८ मध्ये तिचे पेटंट घेतले. मात्र मोठ्या आकाराची निर्दोष फ्लिंट काच ओतणे फार अवघड होते. ते जमू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, आणि योझेफ फ्राउनहोफर यांनी डोर्पाट (आजच्या एस्टोनियातील तार्तू) येथील वेधशाळेसाठी १८२४ मध्ये तयार केलेली सुमारे २४ सेंटिमीटर भिंगाची दुर्बीण पुढच्या शंभर वर्षांचा नमुना ठरली. शाळांतील दुर्बिणी याच घराण्यातल्या आहेत.

दोन काचांचे भिंगही सगळे रंग तंतोतंत जुळवू शकत नाही. व्याधासारखा तेजस्वी तारा किंवा चंद्राची कडा पाहताना भोवती फिकट जांभळी किनार दिसते. ती दुर्बिणीची खराबी समजू नये. त्या रचनेची ती ओळखच आहे, आणि दुर्बीण लांब ठेवण्याचे कारणही तीच किनार शक्य तेवढी कमी करणे हे आहे.

दुर्बिणीची ताकद म्हणजे ती किती पट मोठे दाखवते, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात विवर्धन ही तिच्या कामांतली सर्वांत गौण बाब आहे, कारण मागची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचे भिंग, बदलली की ते हवे तसे बदलता येते. खरे महत्त्व पुढच्या भिंगाच्या व्यासाला असते आणि त्या व्यासावरून दोन गोष्टी ठरतात. पहिली, किती प्रकाश गोळा होतो. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण सात मिलिमीटर उघडते. आठ इंची भिंगाचा व्यास सुमारे २०० मिलिमीटर असतो. प्रकाश क्षेत्रफळाच्या प्रमाणात जमा होत असल्यामुळे हे भिंग डोळ्याच्या सुमारे आठशे पट प्रकाश गोळा करते. काळ्याभोर आकाशात नुसत्या डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधूक); तशाच आकाशात या दुर्बिणीतून तेराव्या प्रतीपर्यंत मजल जाते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे: एकमेकांना खेटून असलेले दोन प्रकाशबिंदू वेगळे दिसण्याची क्षमता. प्रकाश तरंगरूप असल्यामुळे कितीही उत्तम भिंगातून ताऱ्याचा नेमका बिंदू उमटत नाही, एक इवलीशी चकती आणि तिच्याभोवती फिकट वलये उमटतात. भिंग जितके मोठे तितकी ही चकती लहान. विल्यम रटर डॉझ या इंग्रज पाद्र्याने जोडताऱ्यांच्या असंख्य निरीक्षणांवरून एक साधा नियम काढला: ४.५६ या संख्येला भिंगाच्या इंचांतील व्यासाने भागले की, ती दुर्बीण किती विकलांपर्यंतचे अंतर सुटे दाखवू शकते ते मिळते. आठ इंची दुर्बिणीसाठी हे उत्तर ०.५७ विकला येते. एक अंश म्हणजे ३६०० विकला आणि पूर्ण चंद्राचा व्यास सुमारे १८०० विकला, यावरून हे अंतर किती बारीक आहे याची कल्पना येईल. डॉझ यांनी वापरलेली सव्वाआठ इंची दुर्बीण त्यांच्या मृत्यूनंतर इंग्लंडमधील रग्बी शाळेकडे आली, आणि जोडताऱ्यांची मोजमापे घेण्याचे काम तेथेही पुढे चालू राहिले.

माझ्या मते जुन्या दुर्बिणींचे मर्म येथेच आहे. ०.५७ विकला ही भिंगाची मर्यादा झाली. हवेची मर्यादा वेगळीच असते. आपल्या डोक्यावर वेगवेगळ्या तापमानाचे हवेचे थर सतत एकमेकांत मिसळत असतात आणि वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेले नाणे जसे हलताना दिसते, तशी ताऱ्याची प्रतिमा त्यांतून थरथरते. बहुतेक ठिकाणी, बहुतेक रात्री, या थरथरीमुळे एक ते तीन विकलांच्या आतले तपशील पुसले जातात. म्हणजेच आठ इंची दुर्बीण मुळातच हवेपेक्षा बारीक पाहू शकते. तिच्यापेक्षा तिप्पट मोठी दुर्बीण त्याच छताखाली ठेवली, तरी ग्रहांचा तिप्पट तपशील डोळ्याला दिसणार नाही. काचेला वय झाले म्हणून ती प्रकाश वेगळा वळवत नाही. भिंगाला बुरशी लागली नसेल, ओरखडे नसतील आणि दोन्ही काचा आपापल्या जागी सरळ बसलेल्या असतील, तर १८६० मध्ये घडवलेली दुर्बीण आज रात्री १८६० इतकेच काम करते. इंग्लंडमधील मार्लबरो शाळेत असलेली दहा इंची दुर्बीण त्याच वर्षी थॉमस कुक यांनी एका हौशी निरीक्षकाच्या खासगी वेधशाळेसाठी बांधली होती. ती पुढे ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत गेली आणि १९३० च्या दशकात शाळेत आली.

हवेच्या या खोडीमुळेच वेधशाळेची इमारत आपल्याला थोडी गैरसोयीची वाटते. घुमटाच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असेल, तर ती फटीतून वर जाताना नेमकी दुर्बिणीसमोरच घुसळते, म्हणून कार्यक्रमाच्या बराच वेळ आधी घुमट उघडून ठेवतात आणि आत शेगडी किंवा हीटर लावत नाहीत. जाताना बाहेरच्या थंडीला पुरेल त्याहून एक कपडा जास्त न्यावा, कारण तासभर जवळजवळ न हलता उभे राहायचे असते. दुर्बिणीचा खांब जमिनीखालच्या पायातून थेट वर आलेला असतो आणि पायाखालची लाकडी जमीन त्याला कोठेही टेकलेली नसते. खांबाभोवती बोटभर फट सोडलेली दिसते ती त्यासाठीच. ही जमीन खांबाला जोडलेली असती, तर एकाच्या पावलाने दुसऱ्याचा शनी हलला असता.

मग दुर्बीण तिरक्या आसावर का बसवतात? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून तारे तासाला १५ अंश या वेगाने पश्चिमेकडे सरकताना दिसतात. आठ इंची दुर्बिणीचे नाभीय अंतर तीन मीटर धरले आणि तिला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली, तर ३००० भागिले २५ म्हणजे १२० पट विवर्धन मिळते, पण आकाशाचा तुकडा दिसतो तो अर्ध्या अंशापेक्षाही लहान. खगोलीय विषुववृत्तावरचा, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात येणाऱ्या वर्तुळावरचा तारा एवढा तुकडा साधारण शंभर सेकंदांत ओलांडून नजरेआड होतो. दुर्बिणीचा एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर, म्हणजे ध्रुवताऱ्याच्या दिशेने रोखलेला ठेवला, तर मात्र फक्त त्या एका आसाभोवती संथ गतीने फिरवून ताऱ्याचा पाठलाग करता येतो. या बैठकीला इक्वेटोरियल माउंट म्हणतात. आसाचा तिरकेपणा त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका असतो, त्यामुळे प्रत्येक वेधशाळेतील बैठक तिच्या गावापुरतीच मापलेली असते. जुन्या यंत्रात ही गती वजनावर चालणाऱ्या घड्याळातून येई: लोखंडी वजन हळूहळू खाली उतरते, दातेरी चाके फिरतात आणि गरगरणारे दोन गोळे वेग वाढू लागला की त्याला आवर घालतात. सूर्यानुसार दिवस २४ तासांचा असला, तरी ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण होते आणि हे घड्याळ त्याच मापाने चालते. बऱ्याच ठिकाणी आता विजेची मोटर जोडलेली आहे. मूळ यंत्र चालू असेल, तर ते चालताना पाहायला मिळावे अशी विनंती जरूर करावी. आसांवरच्या कोरीव पितळी चक्रांवर विषुवांश आणि क्रांती यांचे आकडे असतात. नकाशातल्या अक्षांश-रेखांशांप्रमाणे आकाशातले हे पत्ते लावून विद्यार्थी डोळ्यांना न दिसणारा ताराही दुर्बिणीत आणत असत.

इतके सगळे नीट जुळले, तरी शेवटचा दुवा आपला डोळा असतो, आणि तेथेच बहुतेकांची निराशा होते. उजेडातून अंधारात आल्यावर बाहुली काही सेकंदांत उघडते, पण डोळ्याच्या पडद्यावरील दंडाकृती पेशींतले प्रकाशसंवेदी रसायन पुन्हा पुरेसे तयार व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात. फोनचा पांढरा पडदा एकदा पाहिला की ही सगळी तयारी वाया जाते, स्वतःची आणि शेजाऱ्याचीही. तांबड्या मंद प्रकाशाचा या पेशींवर फारसा परिणाम होत नाही, म्हणून वेधशाळेत तांबडे दिवे असतात. दुसरे असे की डोळ्याच्या अगदी मध्यभागी, जेथे आपण एरवी बारीक पाहतो, तेथे दंडाकृती पेशी नसतातच. त्या भोवताली असतात. अंधूक तेजोमेघ पाहताना नजर त्याच्यावर न रोखता किंचित बाजूला ठेवली, की तो एकदम उजळ वाटू लागतो. ही युक्ती सांगूनही पहिल्या खेपेला जमेलच असे नाही, पण जमली की फरक इतका स्पष्ट जाणवतो की कोणी पटवून द्यावे लागत नाही.

रंगांबद्दलही आधीच स्पष्ट असलेले बरे. मृग नक्षत्रातील तेजोमेघ छायाचित्रात गुलाबी-जांभळा असतो. दुर्बिणीत तो राखाडी, फार तर किंचित हिरवट दिसतो. रंग ओळखणाऱ्या शंक्वाकृती पेशींना जास्त प्रकाश लागतो आणि तेवढा तेथे नसतो. यावर कोणी विचारील, की आठशे पट प्रकाश गोळा केला, त्याचे काय झाले? दुर्बीण तो प्रकाश गोळा करते, पण त्याच वेळी प्रतिमाही मोठी करते, म्हणजे तो अधिक क्षेत्रावर पसरवते. त्यामुळे तेजोमेघासारख्या पसरट वस्तूचा पृष्ठभाग कोणत्याही दुर्बिणीतून नुसत्या डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा अधिक झळाळत नाही; तो फक्त मोठा होतो, आणि मोठा झाल्यामुळे त्यातले आकार कळू लागतात. ताऱ्यांचे तसे नाही. तारा कितीही मोठा केला तरी बिंदूच राहतो, म्हणून गोळा झालेला सगळा प्रकाश त्या बिंदूतच येतो आणि तारा खरोखर उजळतो. कॅमेरा तासन्‌तास प्रकाश साठवत राहतो. डोळा क्षणाच्या अंशापलीकडे साठवू शकत नाही. छायाचित्राशी तुलना करत आत गेलेला माणूस, समोर जे उत्तम दिसत असते तेही पाहायचे विसरतो, असा माझा अनुभव आहे.

उत्तम दिसते ते काय? सर्वांत आधी चंद्र, आणि तोही पौर्णिमेचा नव्हे. पौर्णिमेला सूर्य चंद्रभूमीवर थेट समोरून पडतो, सावल्या नाहीशा होतात आणि सगळे सपाट दिसते. शुक्ल षष्ठीपासून दशमीपर्यंत उजेड आणि अंधार यांची सीमारेषा चंद्राच्या मध्यभागाजवळ असते. त्या रेषेवर सूर्य नुकता उगवत असतो, म्हणून लहानशा उंचवट्याचीही लांब सावली पडते. अष्टमीनंतरच्या रात्री ‘सरळ भिंत’ म्हणून ओळखली जाणारी सुमारे ११० किलोमीटर लांबीची काळी रेघ दिसते. ती उभा कडा वाटते, पण प्रत्यक्षात तो सुमारे तीनशे मीटर उंचीचा, बऱ्यापैकी सौम्य उतार आहे; कड्याचा भास सावली घडवते. आणखी एक-दोन रात्रींनी ९३ किलोमीटर रुंदीचे कोपर्निकस विवर उजेडात येते, तेव्हा त्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कडा आणि मधली शिखरे सुटी मोजता येतात. दुर्बिणीतून चित्र उलटे दिसते. सरळ करण्यासाठी आणखी भिंगे घालावी लागतात आणि प्रकाश वाया जातो, म्हणून खगोल निरीक्षकांनी उलट्या चित्राची सवय करून घेतली. चंद्राचे जुने नकाशेही दक्षिण वर धरून छापलेले आढळतात.

गुरू आणि शनी पाहून ‘किती लहान दिसतो!’ हा उद्गार नेहमी ऐकू येतो, म्हणून थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. गुरू पृथ्वीच्या जवळ असताना त्याचा व्यास सुमारे ४५ विकला असतो. १२० पट विवर्धनाने तो ५४०० विकलांचा, म्हणजे दीड अंशाचा दिसतो. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राच्या हे तिप्पट झाले. भोवती तुलनेला काहीच नसल्यामुळे मन त्याला लहान ठरवते. पहिल्या दहा सेकंदांत चकती आणि दोन पट्टे दिसतात. मिनिटभर तसेच पाहत राहिले, की हवा क्षणभर स्थिर होते आणि पट्ट्यांच्या कडांचे बारकावे अचानक उमटतात, पुन्हा पुसले जातात, पुन्हा उमटतात. निरीक्षण करायचे म्हणजे या क्षणांची वाट पाहायची. गुरू दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे रांगेत दुसऱ्यांदा नंबर लागेपर्यंत त्याचा चेहराही बदललेला असतो. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये पृथ्वीवरून पाहता बरोबर कडेच्या बाजूने, म्हणजे नुसत्या रेघेसारखी आली होती आणि आता ती वर्षागणिक अधिक उघडत जाणार आहेत. कड्यांमधील कॅसिनीची काळी फट सुमारे ४८०० किलोमीटर रुंद आहे आणि शांत रात्री ती आठ इंची दुर्बिणीतून दिसते.

मोठ्या पसरट वस्तू मात्र या लांब दुर्बिणींच्या आवाक्यात नसतात. कृत्तिकांचा पुंज किंवा देवयानीतील दीर्घिका नेत्रिकेच्या इवल्या तुकड्यात मावतच नाही. त्यांसाठी साधी द्विनेत्री बरी. शौरी (हर्क्युलिस) तारकासमूहातील गोलाकार तारकागुच्छ वीस हजारांहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्याच्या कडांवरचे तारे सुटे दिसू लागले की पाहणारा गप्प होतो, पण त्यासाठी अमावास्येच्या जवळची, शहरी उजेडापासून दूरची रात्र हवी. ओकलंडच्या वेधशाळेला हा प्रश्न फार लवकर भेडसावला: शहराच्या मध्यातील चौकातून ती १९१५ मध्ये टेकड्यांच्या पायथ्याशी आणि २००० मध्ये आणखी वर डोंगरात हलवावी लागली. चंद्र, ग्रह आणि जोडतारे तेजस्वी असल्यामुळे रस्त्यावरच्या दिव्यांचा त्यांना फारसा त्रास होत नाही. म्हणून गावात वेढल्या गेलेल्या शाळेची वेधशाळाही निरुपयोगी ठरत नाही. तिथे काय मागायचे एवढेच ठाऊक असावे लागते.

जाण्यापूर्वी आणि तेथे गेल्यावर काही साधी पथ्ये पाळावीत. ढग असतील तर कार्यक्रम रद्द होतो, तेव्हा निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. नेत्रिकेला हात लावू नये, नळीला धरून तोल सावरू नये. डोळा नेत्रिकेजवळ आणून थोडा मागेपुढे केला की चित्र सापडते. जवळचा किंवा दूरचा चष्मा असणाऱ्यांनी तो काढून, प्रतिमा स्पष्ट करण्याचे चाक आपल्या डोळ्याला जुळवून देण्यास सांगावे. तिरकस नंबराच्या चष्म्याला मात्र हा उपाय चालत नाही. मुलांना शिडीवर आधी चढू द्यावे आणि घाई करू नये. दिवसा सूर्य दाखवण्याचा कार्यक्रम असेल, तर तेथील जाणकाराने पुढच्या भिंगावर योग्य गाळणी बसवल्याशिवाय किंवा प्रतिमा कागदावर पाडल्याशिवाय दुर्बिणीजवळ डोळा कधीही नेऊ नये. दुर्बिणीतून आलेला सूर्यप्रकाश डोळ्याचा पडदा क्षणात कायमचा जाळू शकतो.

जोडताऱ्यांचा उल्लेख वर अनेकदा आला, आणि शाळेच्या वेधशाळेत आग्रहाने मागावी अशी माझ्या मते तीच गोष्ट आहे. सप्तर्षींतील वसिष्ठ तारा दुर्बिणीत १४ विकलांच्या अंतराने दोन होतो. त्याच्या शेजारची अरुंधती तर नुसत्या डोळ्यांनाही वेगळी दिसते. हंसाच्या चोचीतील अल्बिरिओमध्ये एक सोनेरी आणि एक निळसर असे दोन तारे ३४ विकलांवर आहेत, आणि रंग डोळ्याने निःशंकपणे दिसण्याचे ते सर्वांत सोपे उदाहरण आहे. मिथुनेतील कॅस्टर हा एकमेकांभोवती फिरणारा जोडतारा आहे, असे विल्यम हर्शेल यांनी १८०३ मध्ये दाखवून दिले. आज तो सहा ताऱ्यांचा समूह असल्याचे आपल्याला माहीत आहे.

यांतही पोरिमा हा कन्या राशीतील तारा पाहायलाच हवा. त्याचे दोन जवळजवळ सारखे तारे एकमेकांभोवती १६९ वर्षांत एक फेरी घालतात. १८३६ मध्ये ते इतके जवळ आले होते, की बहुतेक दुर्बिणींतून एकच तारा दिसे. स्टोनीहर्स्टची वेधशाळा उभी राहिली तेव्हा ते नुकते दूर जाऊ लागले होते. १९२० च्या सुमारास त्यांच्यातले अंतर सहा विकलांच्या आसपास पोहोचले, मग ते पुन्हा आटत गेले आणि २००५ मध्ये दोघे परत अर्ध्या विकलेच्याही आत आले. आता ते अंतर तीन विकलांच्या पुढे गेले आहे आणि या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वाढत जाईल. सहा इंची दुर्बिणीतून ते आज सहज सुटे दिसतात. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळनंतर कन्या रास चांगली वर आलेली असते. त्या दिवसांत भेट ठरली, तर दुर्बीण चालवणाऱ्यांना पोरिमा लावायला सांगावा, आणि शक्य झाल्यास त्या वेधशाळेच्या जुन्या नोंदवहीत त्याचे मोजमाप कोणी केले आहे का तेही विचारावे.